नाव सूर्याचं, आणि आमचं ऊन सोसेना

माझ्या जुन्या रशियन कॅमेरा लेन्सचं नाव हेलिओस, म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. हे मला लेन्स हातात येऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं आणि मी एकटाच हसत बसलो, कारण तोवर माझं नि त्या लेन्सचं सगळं भांडण उन्हावरूनच चालू होतं.

कॅमेरा मामांचा. अंबाजोगाईच्या जुन्या घरात, माळवदाखालच्या खोलीत ट्रंकेत पडलेला झेनिट-ई, रोलवर चालणारा रशियन कॅमेरा, पुढच्या बाजूला ऑलिंपिकच्या पाच रिंगा छापलेल्या. मॉस्को १९८०, आपण हॉकीचं गोल्ड आणलं तेच ऑलिंपिक. हातात घेतला की वरवंटा उचलल्यासारखं वाटतं. मामा म्हणाले, "ने की, कशाला सडायलंय इथं." त्यावर लागलेली लेन्स हेलिओस ४४-२, ५८ एमएम, एफ २. लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे ८० आहेत, या लेन्सवर ते बऱ्याचदा बनवल्याचं वर्ष असतं. मूळ डिझाईन जर्मनीच्या येना गावच्या झाईस कंपनीच्या बायोटार लेन्सचं, महायुद्धानंतर रशियन लोकांनी तेच उचललं आणि मग वर्षानुवर्षं ढिगानं बनवलं, म्हणून तर आजही ही लेन्स बाकीच्यांच्या मानानं स्वस्तात मिळते.

आता या लेन्सला दोन रिंगा असतात अॅपर्चरच्या, म्हणजे उजेड आत येतो त्या भोकाच्या; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं. एक टकटक वाजत फिरते, तिच्यावर आपण ठरवायचं की फोटो एफ ८ ला काढायचा का १६ ला. दुसरी गुळगुळीत, तिनं अॅपर्चर पूर्ण उघडायचं, फोकस करायचं, आणि क्लिक करायच्या आधी परत फिरवून बंद करायचं. हे "परत फिरवून" जे आहे ना तिथंच माझा पहिला रोल गेला. मावसबहिणीच्या हळदीला, भर दुपारी अंगणात, ४०० चा, म्हणजे उजेड चटकन धरणारा, कलर रोल, उजेड मोजायच्या मीटरची सुई मेलेली म्हणून डोक्यातल्या हिशोबानं शटर १/५०० सेकंद आणि एफ १६ लावलं, हिशोब अगदी बरोबर होता, फक्त दुसरी रिंग फिरवायची राहिली आणि मी छत्तीसच्या छत्तीस फ्रेमा एफ २ वर मारल्या. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट; १६ ते २ म्हणजे सहा स्टॉप, म्हणजे चौसष्टपट उजेड. कलर फिल्म दोन-तीन स्टॉप जास्तीचे गिळते, पण सहा? नवरी कोणती आणि हळदीचं ताट कोणतं ते निगेटिव्हवर मला अजूनही सांगता येत नाही. मामांनी एकच विचारलं, "आरं भाच्या, रिंग फिरवलीस का?"

बरं, ही लेन्स लोक घेतात कशासाठी, तर मागचं सगळं गरगर फिरल्यासारखं येतं म्हणून. तर ते गरगरणं फक्त एफ २ च्या आसपास दिसतं. मागच्या उजेडाचे ठिपके फ्रेमच्या कडेला गेले की लेन्सच्या नळीमुळं कापले जातात आणि गोलाऐवजी लिंबाच्या फोडीसारखे होऊन मधल्या माणसाभोवती फेर धरतात. एफ ४ केलं की संपलं, साधी चांगली लेन्स उरते. आणि झेनिटचं सगळ्यात वेगवान शटर १/५००, त्याच्या पुढं काही नाही. म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात १०० चा, म्हणजे मंद, रोल घातला तरी एफ ८ च्या खाली उतरता येत नाही. रशियात ढगाळ हवेत ही अडचण येत नसेल कदाचित, अंबाजोगाईत सकाळी नऊलाच येते.

मग मी काय काय केलं नाही. उजेड कमी करणारा ४९ एमएमचा एनडी फिल्टर लावला, तर व्ह्यूफाइंडरमधूनच काळोख, फोकस कुठंय ते कळेना. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लेन्सला हूड केला कारण हिचं कोटिंग साधं आहे, ऊन तिरपं आलं की फोटो ताकासारखा पांढरट पडतो. हूड मात्र जमला, अजून तोच आहे.

शेवटी जमलं ते बाभळीनं. वडाची, पिंपळाची पानं मोठी, त्यातून उजेडाचे ठिपके मोजकेच येतात. बाभळीचं पान एवढंसं, मागून पाचनंतरचं ऊन आलं की शेकडो बारीक ठिपके, नेमकं हेच लागतं. माणूस सावलीत बसवायचा, आपण मीटर-सव्वा मीटरवर, बाभूळ त्याच्या मागं चार-पाच मीटरवर. सावलीत १०० चा रोल, १/५०० नि एफ २ बसून जातं. निंबही चालतो, पण बाभळीची मजा वेगळी. हत्तीखान्याच्या लेण्यांत दगडी हत्तींसोबत मी एक अख्खा रोल घालवला, तिथं काही फिरलं नाही, कारण मागं दगडच दगड, ठिपके येणार कुठून.

आणि हो, मित्राचं ऐकून निकॉनच्या जुन्या बॉडीला अॅडॉप्टर लावून बघू नका. हेलिओससारख्या एम ४२ पेचाच्या लेन्सला फिल्मपासून ४५.४६ एमएम अंतर लागतं, निकॉनचं ४६.५, त्या एका मिलिमीटरात लांबचं सगळं धूसर होतं. पेंटॅक्सच्या के माउंटच्या बॉडीला मात्र अंतर तेच, तिथं बिनधास्त लावा. कोकणातल्या मित्राच्या लेन्सला दोन पावसाळ्यांत फंगस धरलं, माझी कपाटात नुसती पडून असते, दुष्काळी हवेचा एवढाच काय तो फायदा. फक्त मेमध्ये ग्रीस पातळ होऊन तेल पात्यांवर येतं. ४४-२ मध्ये पाती हातानंच फिरतात म्हणून त्यानं बिघडत नाही, हिचंच पुढचं मॉडेल ४४एम घेत असाल तर मात्र बघून घ्या, तिथं स्प्रिंग आहे, पाती चिकटतात.

बाभळीपुढं आजीला बसवलं होतं. प्रिंट बघून ती म्हणली, "मागं वावटळ सुटली होती का रं?" आणि फोटो उशाखाली ठेवून दिला. आता कॅमेऱ्यात १०० चा रोल आहे, अकरा फ्रेमा उरल्यात, आणि बाभळीची ती फांदी शेजारच्यांनी शेळीसाठी तोडून नेली.