भुलीशिवाय झालेला एक एमआरआय

रत्नागिरीत एमआरआय टेक्निशियन म्हणून काम करतेय त्याला बरीच वर्षं झाली, पण मागच्या दिवाळीनंतर आलेली ती जयगडची पाच वर्षांची पोर काही डोक्यातून जात नाही. वडील ट्रॉलरवर समुद्रात, आई आणि आजी तिला घेऊन पहाटेच्या एसटीने आलेल्या. फिट येतात म्हणून मेंदूचा एमआरआय परत सांगितला होता.

आदल्या वर्षी दुसऱ्या शहरात हाच स्कॅन भूल देऊन झालेला. रात्रीपासून पोरीच्या पोटात काही नाही, भूलतज्ज्ञ सिझरमध्ये अडकलेले, नंबर लागला दुपारी दोनला, मग उठल्यावर उलट्या सुरू झाल्या म्हणून रात्रभर अ‍ॅडमिट. भुलीआधी जेवण सहा तास बंद हे बरोबर, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं हे त्या माऊलीला कुणी सांगितलंच नव्हतं, याचा मला खरंच फार राग येतो.

आजीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सारखं झोपेचं औषध देऊन पोरीचं डोकं मंद नाही ना व्हायचं?" मी म्हटलं आजी, एकदा थोडा वेळ दिलेल्या भुलीने तसं होत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2016 मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त वेळ भूल द्यायची असेल त्यासाठी. पण जिथे टाळता येते तिथे टाळावी असं मला मनापासून वाटतं.

आमचे भूलतज्ज्ञ अकराला येणार होते. रेडिओलॉजिस्ट सरांना विचारलं, ते येईपर्यंत मी एकदा प्रयत्न करू का, सर म्हणाले कर, पण जबरदस्ती नको.

मग मी तिच्याजवळ जमिनीवरच बसले. मोबाइलवर मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज आधी हळू, मग मोठ्याने ऐकवला, तो ठकठक घर्रर्र ऐकून ती म्हणाली, "बाबांच्या बोटीचं इंजिन!" आता मी काय सांगणार, तिनेच मला सांगितलं की बोटीत ती या आवाजात झोपते. तिची बाहुली आधी टेबलावर झोपवून आत पाठवली, बाहेर आणली, मग ठरलं की बाहुलीसारखं स्टॅच्यू व्हायचं, मी "ओव्हर" म्हणेपर्यंत. या सगळ्यात अर्धा तास गेला आणि बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता, पण तो अर्धा तास तिला हवाच होता.

अडलं ते गळ्यातल्या ताइतावर. धातूचा, आत नेता येत नाही, आणि आई काढायला तयार होईना. शेवटी आजी म्हणाली मी मुठीत धरून दारातच बसते, तेव्हा कुठे दोरा सुटला.

कानात बोळे, वर हेडफोन, डोक्यावर कॉइल (फोटोसाठी डोक्याभोवती बसवतात तो पिंजरा), आणि कॉइलच्या आरशातून तिला पायाशी उभी असलेली आई दिसत होती. आईनेही मंगळसूत्र काढून ठेवलेलं, कानात बोळे घातलेले, पोरीचा अंगठा घट्ट धरलेला. महत्त्वाचे सीक्वेन्स, म्हणजे स्कॅनचे वेगवेगळे टप्पे, मी आधी लावले, म्हणजे मध्येच रडली तरी हाताशी काहीतरी येईल. एकेक तीन-चार मिनिटांचा, आणि प्रत्येकानंतर मी माइकवर "ओव्हर" म्हणायची, ती खोकून घ्यायची, नाक खाजवायची, मग परत "स्टॅच्यू". तिसऱ्याला हलली, तो तेवढा परत घेतला. शेवटचा चालू असताना मीच श्वास धरून मॉनिटरसमोर उभी होते.

सरांनी फोटो बघितले, म्हणाले स्वच्छ आहेत, भूल नको. भूलतज्ज्ञ यायच्या आत ती पोर बाहेरच्या बाकावर बसून डब्यातले घावणे खात होती आणि आजी तिच्या गळ्यात ताईत बांधत होती. दुपारच्या एसटीने तिघी जयगडला गेल्यासुद्धा.