भरतीचं घड्याळ, टप्पा तिसरा: बंदराच्या आकड्यांवरून आपल्या धक्क्यावर

कोकणातला जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे मालवणीतली सुकती. तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) काढायला निघालेल्याला एवढं पुरतं. पण त्यात पाण्याची उंची येत नाही, आणि खाडीच्या आत वेळही चुकते. घड्याळ बांधायचं ते या दोन गोष्टींसाठी.

पहिल्या दोन टप्प्यांत दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक वेबपान, जे सर्व्हिस वर्करमुळे (पान फोनमध्येच साठवून ठेवणारी ब्राउझरची सोय) रेंज नसतानाही फोनवर चालतं. आणि ४.२ इंची ई-पेपर पडद्याची पेटी: आत ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड, वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप, विजेसाठी एक १८६५० लिथियम सेल. हिशेब दोन्हीकडे एकच, त्यामुळे चूक झाली की दोन्हीकडे सारखीच होते. या टप्प्यात हिशेबातल्या चुका, धक्क्यावरचं मोजमाप आणि खारं वारं.

हिशेब म्हणजे ठरावीक गतीच्या लाटांची बेरीज. एम२ ही चंद्राची मुख्य लाट तासाला २८.९८४१०४ अंश सरकते, एस२ ही सूर्याची बरोबर ३०. मग आणखी लहान लाटा: एन२ (२८.४३९७३०), के१ (१५.०४१०६९) आणि ओ१ (१३.९४३०३६). मुंबईत एम२चा आयाम (मधल्या पातळीपासूनची उंची) सव्वा मीटरच्या आसपास, एस२चा जेमतेम अर्धा मीटर, के१चा चाळीसेक सेंटीमीटर. एम२ आणि एस२ जुळल्या की उधाण (मोठी भरती), एकमेकींविरुद्ध गेल्या की भांग (लहान भरती), आणि हे चक्र १४.७७ दिवसांचं. दक्षिणेकडे आयाम कमी होत जातो, गोव्यात मुंबईच्या निम्म्याहून कमी भरतो. म्हणून मुंबईचे आकडे घेऊन सिंधुदुर्गात उंची दाखवणं चूकच.

पहिली मोठी चूक वेळेच्या पट्ट्याची. बहुतेक कोष्टकांतली कला (लाट आरंभी कुठल्या कोनावर आहे तो आकडा) ग्रिनिच वेळेला धरून असते. तिथे भारतीय वेळ घातली की साडेपाच तास गुणिले २८.९८ म्हणजे १५९ अंशांचा फरक पडतो. १८० अंशांना भरतीची ओहोटी होते, तेव्हा पडद्यावर जवळजवळ उलटं चित्र दिसतं. आलेख मात्र सुरेख, गुळगुळीत, पटण्यासारखा, म्हणून ही चूक नजरेतून सुटते. जावास्क्रिप्टमध्ये सगळा हिशेब गेटटाइमच्या मिलिसेकंदांवर करावा आणि भारतीय वेळ फक्त दाखवताना घालावी. वर्षाची सुरुवात डेट.यूटीसीने काढावी, आणि तिथे जानेवारी शून्य असतो हे विसरू नये.

दुसरी चूक फक्त पेटीत येते, ब्राउझरमध्ये कधीच नाही. १९७० पासूनचे तास मोजले तर २०२५ सालापर्यंत ते ४ लाख ८२ हजारांच्या पुढे जातात. एम२च्या गतीने गुणलं की कोन १ कोटी ४० लाख अंशांच्या घरात. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (पेटीतला दशांश संख्या साठवायचा प्रकार) एवढ्या मोठ्या संख्येला एका अंशाखाली काही उरतच नाही. एम२चा एक अंश म्हणजे दोन मिनिटं, आणि अशा सात-आठ लाटांची बेरीज करायची आहे. उपाय सोपा: तास त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजायचे. मग कोन अडीच लाखांच्या आसपास थांबतो आणि अचूकता अंशाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत राहते. प्रत्येक वर्षाचा आरंभीचा कोन लॅपटॉपवर काढून कोष्टक पेटीत भरावं. सात लाटा, दहा वर्षं, प्रत्येकी दोन आकडे: सगळे मिळून ५६० बाइट.

ते दोन आकडे का? एक कोन, दुसरा चंद्राच्या पातबिंदूचा (चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला छेदते ती जागा) गुणक. पातबिंदू १८.६ वर्षांत फेरी मारतो आणि त्याबरोबर लाटांचे आयाम बदलतात: एम२चा पावणेचार टक्के, के१चा अकरा, ओ१चा तर एकोणीस. २०२५च्या जानेवारीअखेर पातबिंदू शून्य अंशावर होता, म्हणजे एम२ सर्वांत लहान आणि के१, ओ१ सर्वांत मोठ्या. २०३४मध्ये याच्या उलट. हा गुणक गाळला तर मुंबईत एकट्या एम२ची चूक चार-पाच सेंटीमीटरची होते. वर्षाच्या मध्याचा गुणक वर्षभर वापरला तर मात्र फरक सेंटीमीटरच्या आत राहतो.

आता धक्का. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांत मोठी बंदरं असतात, आपली खाडी बहुधा नसते. आत शिरताना पाणी उशिरा पोचतं, शिवाय उथळ तळामुळे भरती झपाट्याने चढते आणि ओहोटी रेंगाळते. हा वाकडेपणा एम४ या दुप्पट गतीच्या लाटेने पकडता येतो, पण तिचे आकडे जागेवरच मोजावे लागतात.

मोजायला जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक ध्वनिसंवेदक पुरतो. त्याला पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणून सर्वांत मोठ्या उधाणाच्या पाण्यापासून निदान अर्धा मीटर वर बसवावा. धक्क्याच्या खांबाजवळ नको. ध्वनीचा शंकू खांबाला लागला की पाणी उतरत असतानाही आकडा एका जागी अडकतो, आणि हीच खूण ओळखायची. संवेदकाची एको तार (प्रतिध्वनीचा संकेत देणारी) ५ व्होल्टची आणि ईएसपी३२ला चालतात ३.३, तेव्हा मध्ये १ आणि २ किलोओहमच्या रोधकांचा व्होल्टेज-विभाजक हवाच. लाटांचा खळखळाट काढायला दर दहा मिनिटांनी दोन मिनिटं, सेकंदाला एक असं मोजून मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा. सरासरी नको, एखादा चुकलेला प्रतिध्वनी ती ओढून नेतो.

तापमानाची दुरुस्ती टाळू नये. २५ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर, ३५ला ३५२. चार मीटर अंतरावर हा फरक सात सेंटीमीटरचा आहे, आणि तो दिवस-रात्रीच्या तालावर येत असल्यामुळे थेट के१ या दिवसातून साधारण एकदा येणाऱ्या लाटेत मिसळतो. गणित त्याला भरतीच समजतं. डीएस१८बी२० हा तापमान-संवेदक सावलीत लावला की काम भागतं.

किती दिवस मोजायचं? एम२ आणि एस२ वेगळ्या करायला १५ दिवस, एन२ सोडवायला २८. म्हणून २९ दिवस सलग. के२ आणि पी१ या आणखी दोन लाटांच्या गती एस२ आणि के१च्या इतक्या जवळ आहेत की एस२-के२ आणि के१-पी१ या जोड्या सुटायला मात्र १८३ दिवस लागतात. तोवर के२ ही एस२च्या ०.२७ पट आणि पी१ ही के१च्या ०.३३ पट धरावी, कला तीच. विश्लेषणाला पायथनमधलं यूटाइड हे भरतीच्या हिशेबाचं पॅकेज उत्तम. धक्का महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या ताब्यातला असेल तर विचारल्याशिवाय तिथे काही ठोकू नये. मोजणी पावसाळ्यात नको: हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं, वर वारा ढकलतो तो वेगळाच.

खाऱ्या वाऱ्यापुढे पहिली मान टाकतात त्या जंपर वायर. टोकांवर हिरवट पूड दिसली की संपर्क गेलाच समजा. सगळं झाळून घ्यावं, मग फ्लक्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ब्रशने धुवावा. राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि वरून लेप दिला की ती आतच कोंडते. अॅक्रिलिक लेप दोन थरांत द्यावा, यूएसबी, सेलची खोबण आणि अँटेना कॅप्टॉन टेपने झाकून. पेटी आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारी), तारा खालून, पीजी७ ग्लँडमधून (तार घट्ट धरणारं बूच). स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, ३०४चे समुद्रकाठी डागाळतात.

डीएस३२३१च्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करायची वाट असते. त्यात साधी सीआर२०३२ घालून ५ व्होल्ट दिले तर न चार्ज होणारी बॅटरी चार्ज होऊ लागते. तिथला डायोड आधी काढावा. घड्याळ चांगलं आहे, वर्षाला मिनिटभर चुकतं. ईएसपी३२चं आतलं घड्याळ या कामाला घेऊ नये.

ईएसपी३२च्या तयार बोर्डावरचा एएमएस१११७ (व्होल्टेज ३.३ वर आणणारा नियंत्रक) आणि लाल दिवा मिळून झोपेतही काही मिलिअँपिअर खातात. त्यात २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल महिनाभरही जात नाही. दिवा काढून एमसीपी१७०० हा कमी खर्चाचा नियंत्रक बसवला, आणि डीएस३२३१च्या मॉड्यूलवरचा दिवाही काढला, तर झोपेतला खर्च मायक्रोअँपिअरच्या हिशेबात येतो. पडदा दर पंधरा मिनिटांनी बदलतो; अंशतः बदलताना मागची आकृती पुसट राहते, म्हणून तासातून एकदा पूर्ण.

पुढच्या टप्प्याचं काम भांगाच्या दिवसांचं. तेव्हा आलेखाचा माथा सपाट असतो, आणि खाडीत एम४ मिसळली की दर दहा मिनिटांनी एक बिंदू काढला तर शिखर मागेपुढे उड्या मारतं. सहा मिनिटांची पायरी आणि तीन बिंदूंतून पॅराबोला, हे वेबपानावर चालू केलं आहे. पेटीत भरायचं बाकी आहे.