डोंगराळ लांब पल्ल्याची ड्युएथलॉन: शेवटच्या ट्रेल रनसाठी तयारी

ड्युएथलॉनमध्ये आधी पळायचं, मग सायकल, मग परत पळायचं. लांब पल्ल्याच्या प्रकारात सगळ्यात नावाजलेली शर्यत स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगनची: 10 किलोमीटर पळणं, 150 किलोमीटर सायकल आणि शेवटी टेकड्यांमधून 30 किलोमीटर पळणं. प्रत्येक शर्यतीचे आकडे वेगळे असतात, पण घडण हीच. माझी सगळी तयारी त्या शेवटच्या पळण्यापासून उलटी आखलेली असते. सायकलचे गिअर, खाणं, बूट, व्यायाम, सगळं एकाच गोष्टीसाठी: पाच-सहा तास सायकल मारून उतरल्यावर पायवाटेवर चढता आलं पाहिजे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरता आलं पाहिजे.

उतरणं मुद्दाम म्हणतोय. चढ अंगावर आला तर चालत जाता येतं. उतारावर मात्र मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात असतानाच शरीराचं वजन झेलत असतो. हा इसेंट्रिक भार स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा करतो आणि ताकद तिथल्या तिथे कमी होते. सायकलवर असा भार जवळजवळ येतच नाही. म्हणून सायकलिंगने दणकट झालेल्या मांड्यासुद्धा लांब उतारावर लटपटतात, गुडघा धरत नाही, आणि पुढचा सपाट टप्पाही चालत काढावा लागतो. चांगली गोष्ट ही की शरीर हा भार फार लवकर शिकतं. एकदा उतार पळून मांड्या भरून आल्या की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने त्या बऱ्याच कमी दुखतात, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो.

तयारीला 20 ते 24 आठवडे धरावेत, आणि त्यासाठी आधी 10-12 किलोमीटर आरामात पळण्याची सवय हवी. सुरुवातीलाच शर्यतीच्या मार्गाचा चढ मोजून घेतो. समजा शेवटचं पळणं 25 किलोमीटर आणि चढ 1000 मीटर, म्हणजे किलोमीटरला 40 मीटर. मग आठवड्याचं लांब पळणं हळूहळू त्याच प्रमाणावर आणायचं. डोंगराळ शर्यतीसाठी नुसते किलोमीटर मोजणं फसवं असतं. त्यापेक्षा आठवड्यात एकूण किती मीटर चढलो आणि किती उतरलो याची नोंद जास्त कामाची. उतार वाढवताना घाई नको. पहिले तीन-चार आठवडे 5-6 टक्क्यांचा सौम्य उतार, एका वेळी दहा मिनिटं पुरे. नंतर तीव्रता वाढवायची, मग लांबी. दोन्ही एकदम वाढवलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा पट्टा, दुखायला लागतो, आणि ते दुखणं उतारावरच जास्त त्रास देतं.

जवळ डोंगर नसेल त्यांनी जिने वापरावेत. पण बरेच जण जिने चढून जातात आणि लिफ्टने खाली येतात. त्यात दम वाढतो, मात्र या शर्यतीला लागणारा अर्धा भाग नेमका सुटतो. पायऱ्यांनी खाली या, एकेक पायरी घेत, कठड्याला हात न लावता. ट्रेडमिल 12-15 टक्क्यांवर लावून चढाचं काम होतं, उताराचं होत नाही.

ताकदीच्या व्यायामात मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो स्टेप-डाउन. 20 ते 25 सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत सावकाश खाली न्यायची, जमिनीला फक्त टेकवायची आणि परत वर. प्रत्येक पायाला 8 वेळा, असे तीन सेट. समोर आरसा हवा, कारण गुडघा आत झुकतोय का हे दिसायला हवं. झुकत असेल तर पायरीची उंची कमी करा, वजन वाढवू नका. याच्या जोडीला गुडघा वाकवून टाचा उचलणं, 15 चे तीन सेट. गुडघा वाकवल्याने पोटरीतल्या खोलवरच्या सोलियस स्नायूवर भार येतो आणि चढावर तोच सगळ्यात जास्त राबतो. हे आठवड्यातून दोनदा, शेवटच्या सहा आठवड्यांत आठवड्यातून एकदाच.

आता सायकल. इथे सगळ्यात मोठी गडबड गिअरमध्ये होते. पुढे 50 आणि 34 दातांची चक्रं आणि मागे 11-28 कॅसेट, म्हणजे 11 ते 28 दातांच्या चक्रांचा संच, असेल, सायकलस्वार 75 किलोचा आणि सायकल बाटल्यांसकट 10 किलोची असेल, तर 10 टक्के चढावर 34×28 मध्ये, म्हणजे पुढे 34 आणि मागे 28 दातांवर, मिनिटाला 70 पेडल फिरवायला साधारण 260 वॉट लागतात. ज्याचा एफटीपी, म्हणजे तासभर टिकणारी ताकद, 220 वॉट आहे त्याला हे झेपणारं नाही. तो 55 वर येतो आणि प्रत्येक पेडलवर जोर काढत चढतो. तोच चढ 34×34 मध्ये 70 ने चढायला 215 वॉटच्या आसपास पुरतात. वेग ताशी 11 वरून 9 किलोमीटरवर येतो, पण मांड्या वाचतात. डोंगराळ शर्यतीसाठी मी 11-34 खालची कॅसेट लावतच नाही.

कॅसेट बदलताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. मागचा डिरेल्यूर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेतो, आणि त्याचा खाली लोंबणारा भाग म्हणजे केज. आखूड केजचे बरेच डिरेल्यूर 28 किंवा 30 दातांपर्यंतच चालतात, 34 ला मध्यम किंवा लांब केज लागतो. चेनची लांबी नव्याने मोजावी: चेन डिरेल्यूरमधून न ओवता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर गुंडाळायची आणि जिथे जुळते त्याच्यापुढे एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवायच्या. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि दमलेल्या अवस्थेत चुकून मोठं-मोठं गिअर पडलं, तर डिरेल्यूर हँगरसकट, म्हणजे फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीसकट, वाकतो आणि शर्यत तिथेच संपते. तिसरं, डिरेल्यूरवरचा बी-स्क्रू फिरवून वरची जॉकी पुली (केजमधलं छोटं चाक) आणि 34 चं चक्र यांत अंतर ठेवा. पुली चक्राला घासत असेल तर खडखड ऐकू येते.

सायकलच्या सरावात आठवड्यातून एक दिवस लांब चढाचा. 8 मिनिटांचे चार चढ, एफटीपीच्या 85-90 टक्क्यांवर, मध्ये सावकाश उतरत विश्रांती. दुसऱ्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात एक लांब डोंगराळ राइड, तीन तासांपासून वाढवत पाच तासांपर्यंत. वेगाने उतरण्याचाही सराव हवा: ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, बाहेरचा पाय खाली दाबायचा, नजर वळणाच्या शेवटाकडे. ज्याला उतरायची भीती वाटते तो ब्रेक सतत धरून ठेवतो, त्याचे हात आणि मान आखडतात, आणि ते आखडणं पुढे पळताना जाणवतं. 28 मिमी टायरमध्ये 75 किलोच्या माणसाला 65 ते 75 पीएसआय हवा पुरते. टायर आणि रिमवर लिहिलेली मर्यादा मात्र ओलांडू नये.

ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच पळणं, हा या तयारीचा गाभा. सायकलच्या वाकलेल्या स्थितीत तासन् तास राहून कमरेपुढचे स्नायू आखूड होतात. त्यामुळे पळायला लागल्यावर पाय नेहमीपेक्षा कमी उचलला जातो. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पायवाटेवर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये बूट मुळांना आणि दगडांना अडकतो, आणि पडणारे बहुतेक तिथेच पडतात. उपाय साधे आहेत. सायकलची शेवटची 15-20 मिनिटं हलकं गिअर, केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) 90, आणि अधूनमधून उभं राहून कंबर पुढे ढकलायची. पळायला लागल्यावर पावलं आखूड आणि भराभर, गुडघा मुद्दाम उचलून. ओल्या मुळावर कधी पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. मोठा ब्रिक मी दोन आठवड्यांतून एकदाच करतो: तीन तास डोंगराळ सायकल आणि त्यावर 45 ते 60 मिनिटं पायवाट. दर आठवड्याला थकलेल्या पायांनी खडकाळ वाटेवर गेलं की घोटा मुरगळायची शक्यता वाढते. मधल्या आठवड्यात 5 किलोमीटर पळणं, दोन तास सायकल आणि परत 5 किलोमीटर पळणं असा सोपा संच पुरतो. त्यात ट्रान्झिशनचा, म्हणजे पळण्यावरून सायकलवर आणि परत पळण्यावर येण्याचाही सराव होतो.

पायवाटेवर 15-20 टक्क्यांपेक्षा जास्त चढ आला की हात मांड्यांवर ठेवून दमदार चालणं बहुतेकांसाठी पळण्याइतकंच वेगवान असतं आणि नाडी कमी चढते. हे चालणंही सरावातच घोटवून घ्यावं. शर्यतीत पहिल्यांदा केलं तर पोटऱ्यांत गोळे येतात.

खाण्याचं गणित तासावर मांडतो. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला साधारण 60 ग्रॅमपर्यंतच शोषून घेऊ शकतं. त्यात फ्रुक्टोज मिसळलं की ते वेगळ्या वाटेने शोषलं जातं आणि 90 ग्रॅमपर्यंत जाता येतं. घरी करायचं तर 30 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (पोटात ग्लुकोज होणारी स्टार्चची पूड) आणि 60 ग्रॅम साधी साखर. साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज, म्हणून एकूण प्रमाण 2:1 येतं. हे 750 मिलीच्या बाटलीत घालायचं आणि वर एक ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास 390 मिलीग्रॅम सोडियम. हे पेय दाट असतं, म्हणून दुसऱ्या बाटलीत साधं पाणी हवंच. दाट पेयावर दाट पेय पीत राहिलं की पोट फुगतं, मळमळतं, आणि दुसऱ्या पळण्यात एकही जेल आत जात नाही. पोटालाही सराव लागतो: शर्यतीआधी 8-10 आठवड्यांपासून लांब राइडला तासाला 45 ग्रॅम, मग 60, मग 75 असं वाढवा. पाणी किती हे घामावर ठरतं. तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा. घटलेल्या वजनात मध्ये प्यालेलं पाणी मिळवलं की तासाचा घाम कळतो. शर्यतीनंतर वजन वाढलेलं भरलं तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यालं गेलं, आणि रक्तातलं सोडियम उतरणं हा लांब शर्यतींतला खरा धोका आहे.

बूट दोन जोड. पहिल्या पळण्याला रस्त्याचे हलके, शेवटच्याला ट्रेलचे, तळाला 4-5 मिमीचे दात आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले. ट्रान्झिशन लवकर व्हावं म्हणून अनेक जण ट्रेलच्या बुटांनाही इलॅस्टिकच्या लेस लावतात. उतारावर इलॅस्टिक ताणतं, पाऊल पुढे सरकतं, बोटं आदळत राहतात आणि नखं काळी पडतात. साध्या लेस, शेवटच्या दोन भोकांतून फास करून टाच आवळलेली, यात गेलेलं अर्धं मिनिट पहिल्याच उतारावर वसूल होतं. मोजेही तिथेच बदला. घामट मोज्यांत बारीक खडे अडकले की फोड ठरलेला.

शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या 10 ते 14 दिवस आधी. त्यानंतर मांड्या दुखवायच्या नाहीत. शेवटचे दोन आठवडे एकूण सराव निम्म्यावर आणायचा, पण मधूनमधून छोटे वेगवान टप्पे ठेवायचे, नाहीतर पाय जड वाटतात.

शर्यतीच्या दिवशी पहिलं पळणं मॅरेथॉनच्या वेगाइतकं, त्याहून जलद नको. पुढे जाणाऱ्यांकडे बघायचं नाही. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद, आणि सायकल रॅकवर लावल्यावरच उघडायचा. ड्राफ्टिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या मागे चिकटून वाऱ्यापासून आडोसा घेण्याला, मनाई असेल तर चढावर गर्दी होते तिथे ठरलेलं अंतर मोडणं सहज घडतं, म्हणून नियमपत्रक आधी वाचा. सायकलची सरासरी एफटीपीच्या 70-75 टक्के, चढावर 85-90 च्या वर नाही. घाटमाथ्यावर पोचल्यावर 20-30 सेकंद दाब तसाच ठेवायचा, मग सैल. खाणं सपाटीवर किंवा सरळ, सौम्य उतारावर; तीव्र चढावर चघळायला दम पुरत नाही. शेवटच्या पळण्यातले पहिले तीन किलोमीटर हातचं राखून, तासाला 40-60 ग्रॅम जेलमधून, आणि पहिल्या उतारावर पाय मोकळा सोडायचा नाही: शरीर किंचित पुढे, पावलं आखूड, टाचेवर ब्रेक लावणं टाळायचं.

शर्यतीनंतर दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. त्या आठवड्यात सावकाश सायकल आणि चालणं पुरे, उतारावर पळणं नको. पायऱ्या सहज उतरता आल्या की सपाटीवर 20 मिनिटं, आणि त्यात काही दुखलं नाही तर पुढच्या आठवड्यात परत सौम्य उताराला सुरुवात.