झाकण

सोमवार, रात्री साडेअकरा

बोंड्या जाऊन नऊ दिवस झाले. आज केर काढताना सोफा सरकवला तर मागे त्याच्या लेंड्या सापडल्या. अकरा. मोजल्या का, ते माहीत नाही. वाळून टणक झालेल्या, मिऱ्यांसारख्या. झाडू भिंतीला टेकवला आणि सोफा होता तिथे परत ढकलला.

दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा त्याने कुरतडून गोल केलाय. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, झिजवायला गवत कितीही घाला, लाकूड दिसलं की त्याला राहवत नाही. बाबा केवढे वैतागायचे त्यावरून. काल चप्पल घालायला वाकले होते तेव्हा त्याच कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसले. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "पॉलिश करून घ्यायला पाहिजे हे." करणार नाहीत.

मंगळवार

आज लिहूनच काढते. घरात जे सांगितलं जातंय ते अर्धं आहे.

सांगितलं जातं ते असं: आईने नखं कापायला बोंड्याला उचललं, त्याने उसळी मारली, हातातून निसटला आणि कंबर मोडली. कोणीही विचारलं की आईच हे सांगते, आणि शेवटी "माझ्याच हातून गेला" हे ठरलेलं. समोरचा म्हणतो, अहो असं नका म्हणू. मग ती पुन्हा म्हणते.

यात खोटं काहीच नाही. उसळी का मारली, तेवढं नाही.

मी स्वयंपाकघरात होते. ओट्यावरच्या मोठ्या डब्याचं झाकण काढत होते, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात फोन होता. झाकण निसटलं. स्टीलचं मोठं झाकण फरशीवर नुसतं पडत नाही. कडेवर फिरत राहतं, आवाज भराभर चढत जातो आणि एकदम बंद होतो. तो बंद व्हायच्या आत बाहेरून आईचं "अगं अगं अगं" ऐकू आलं.

बाहेर गेले तर बोंड्या सतरंजीवर बसला होता. हो, बसलाच होता, पुढून. मागचे दोन्ही पाय एका बाजूला पसरलेले, दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे. तो पुढच्या पायांवर स्वतःला ओढत सोफ्याकडे निघाला होता. ओरडला नाही, कण्हलाही नाही. दुखणं लपवायचं हेच सशाला येतं. दुखतंय हे दिसलं की खाणारा आधी त्यालाच गाठतो.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. कमरेचा सातवा मणका. आई म्हणाली, "पण डॉक्टर, मी खालीच बसले होते, मांडीवरूनच तर पडला." तेव्हा त्यांनी सांगितलं की पडल्यामुळे नाही, लाथेमुळे. सशाच्या सगळ्या हाडांचं वजन त्याच्या एकूण वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतं, मांजराचं १२-१३. हाडं अशी काटकुळी, आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र भलतेच ताकदवान. मागच्या अंगाला आधार नसताना त्याने जोरात झटका दिला, की त्याचाच जोर त्याच्या मणक्यावर येतो. उचलताना एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली हवाच, म्हणाले. ते ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईचा दुसरा हात तेव्हा नेलकटरकडे गेला होता.

झोपवायचा निर्णय मी सांगितला. आश्चर्य म्हणजे त्याचं मला काही वाटत नाही. पायांत संवेदना उरली नव्हती, लघवीवर ताबा उरला नव्हता, तेवढं एक तरी मी त्याच्यासाठी नीट केलं. टोचतं ते त्याच्या आधलं. दवाखान्यात जाताना गाडीत बाबा एकदाच म्हणाले, "तू उचललंसच कशाला त्याला?" एवढंच. पण ते वाक्य त्या दिवसापासून घरात मुक्कामाला आहे. मी मागच्या सीटवर होते, टॉवेलात गुंडाळलेला बोंड्या मांडीवर. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरला असता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि नखं वाढलीत, नखं वाढलीत असं चार दिवस कोण म्हणत होतं? मीच.

बुधवार

ऑफिसात एक जण म्हणाला, "अरे, ससाच होता ना? दुसरा आण." मनाने वाईट नाही तो. मला उत्तर सुचलं नाही, ते संध्याकाळी भांडी घासताना सुचलं. नेहमीचंच.

गुरुवार

मावशीचा फोन. आईला समजावत होती, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली गं." स्पीकर चालू होता. आई हं हं करत होती आणि मी शेजारी बसून ऐकत होते. कावळा मी, आणि फांदी म्हणून आईचं नाव लागतंय.

पण म्हण तरी पुरती लागू आहे का? कावळ्याला फांदी किडलेली आहे हे ठाऊक नसतं. मला होतं. हाडांचं नव्हतं ठाऊक. आवाजाचं पक्कं होतं. मिक्सर लावला की बोंड्या मागचा पाय जमिनीवर धप्पकन आपटायचा. आम्ही हसायचो, साहेबांना राग आला म्हणायचो. बाबा तर मुद्दाम मिक्सरचं बटण एकदा दाबून सोडायचे, पाहुण्यांना दाखवायला. नंतर वाचलं की ती सशांची धोक्याची सूचना असते, बिळातल्या बाकीच्यांसाठी. आमच्या घरात बाकीचे कोण? आम्हीच. तो आम्हाला सांगत होता, पळा, काहीतरी येतंय. लहानपणी गोष्टीतल्या सशालाही असेच हसलो होतो, पाठीवर पान पडलं तर आभाळ पडलं म्हणून धावत सुटलेल्या.

त्याच पायांनी तो संध्याकाळी खूश झाला की हॉलभर उड्या मारायचा, हवेत अंग पिळून, डोकं एकीकडे नि कंबर दुसरीकडे. फोनमध्ये व्हिडिओ आहे. उघडत नाही.

शुक्रवार, झोप येत नाही म्हणून

आईला सांगितलं.

कसं सांगायचं याची वाक्यं चार दिवस जुळवत होते, त्यातलं एकही वापरलं गेलं नाही. ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातूनच म्हणाले, "आई, माझ्या हातून झाकण पडलं होतं. त्याला दचकून त्याने लाथ मारली." एका दमात, फी भरल्याची तारीख सांगावी तसं.

तिने उशीचा अभ्रा उलटा होता तो सुलटा केला. मग विचारलं, "मोठ्या डब्याचं ना?"

"हो."

"त्याला पोचा आलाय. त्याच रात्री बघितला मी."

मला काही सुचेना. बारा-तेरा दिवस ती येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, माझ्याच हातून गेला, आणि मी शेजारी पाण्याचा पेला घेऊन उभी. मी म्हणाले, "मग बाबांना सांगायचंस ना."

"काय सांगू? हात माझेच होते."

"पण आवाज..."

"आवाज घरात होणारच. हात कुठे होता माझा दुसरा?" हे ती जरा चिडूनच म्हणाली, जणू मी तिचं काही हिसकावून घ्यायला आले होते. मग बराच वेळ आम्ही दोघीही गप्प. मला रडायचं होतं, पण ती रडत नव्हती, मग मीही नाही.

बाबांना उद्या सांगणार आहे. आई म्हणते नको, विषय उकरून काढू नकोस. मी सांगणार आहे. गाडीतलं ते वाक्य त्यांनी परत घेतलेलं नाही, आणि कोणाकडून घ्यायचं हेही त्यांना कळायला हवं.

शेवटी ढिगाऱ्यात मोठी चादर उरली. तिचे दोन कोपरे माझ्याकडे टाकत आई म्हणाली, "धर नीट. दोन्ही हातांनी."