बारा दासी आणि एक ‘ज्या’

शेफिल्डला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला सर्वांत जास्त आधार दिला तो घराजवळच्या वाचनालयाने. चार वाजताच अंधार पडायचा, आणि त्या अंधारात दिवे लागलेली ती इमारत दिसली की बरं वाटायचं. तिथे महिन्यातून एकदा वाचनगट जमतो. आम्ही आठ-नऊजण, चहा-बिस्किटं, आणि सगळ्यांनी वाचलेलं एकच पुस्तक. यंदा आम्ही ग्रीक पुराणकथांवरच्या नव्या कादंबऱ्या वाचतोय. इथे या कादंबऱ्यांची मोठी लाट आहे. पुस्तकांच्या दुकानात त्यांच्यासाठी वेगळं टेबल मांडलेलं दिसतं, आणि त्यातल्या बहुतेक कथा बायकांच्या तोंडून सांगितलेल्या असतात.

पहिलं पुस्तक होतं मार्गारेट ॲटवुड यांचं ‘द पेनेलोपियाड’, 2005 सालचं. त्यासाठी होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातला एक प्रसंग ठाऊक हवा. ट्रॉयच्या युद्धावर गेलेला राजा ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो. बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालायला 108 जण घरात ठाण मांडून बसलेले असतात. मुलाच्या मदतीने तो त्या सगळ्यांना मारतो. मग पाळी येते बारा दासींची. त्यांचा गुन्हा हा की त्या या पुरुषांबरोबर झोपल्या. त्यांना आधी प्रेतं उचलायला लावतात, रक्त पुसायला लावतात, आणि सगळं स्वच्छ झाल्यावर मुलगा टेलेमॅकस त्यांना एका ओळीत फासावर चढवतो. होमर म्हणतो, जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या त्या दिसत होत्या, त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही.

ॲटवुड यांनी या बाराजणींना कोरस केलंय. त्या गातात, नाचतात, खटला भरतात, मेल्यानंतरही ओडिसियसची पाठ सोडत नाहीत. मला पुस्तक आवडलं, कारण होमर जिथे दोन ओळींत पुढे सरकतो तिथेच ते थांबून राहतं.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या एका निवृत्त लॅटिन शिक्षकांनी ‘ओडिसी’चे दोन इंग्रजी अनुवाद आणले होते. फाशीच्या आधी टेलेमॅकस या दासींबद्दल जे बोलतो ते त्यांनी वाचून दाखवलं. एका अनुवादात त्यांना सरळ रांडा म्हटलेलं. दुसरा एमिली विल्सन यांचा, 2017 सालचा. ‘ओडिसी’चा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणारी ती पहिली स्त्री. तिच्या अनुवादात ती शिवी नाही, कारण मूळ काव्यातच ती नाही. ग्रीकमध्ये तिथे फक्त स्त्रीलिंगी, अनेकवचनी सर्वनाम आहे. इंग्रजीत तसं सर्वनाम नसल्याने काहीतरी नाम घालावं लागतं, आणि ते कोणतं घालायचं हे अनुवादक ठरवतो.

मी म्हटलं, आमच्या भाषेत तो शब्द आहे. ‘ज्या माझ्या आईचा अपमान करत होत्या, ज्या त्यांच्याबरोबर झोपत होत्या.’ ज्या. बायका आहेत हे कळलं, अनेक आहेत हे कळलं, आणि एकही जादा शब्द लागला नाही. गटाने मला ते वाक्य मराठीत दोनदा म्हणायला लावलं. इतक्या वर्षांत मराठी इथे फक्त घरात आणि फोनवर बोलले होते. वाचनालयाच्या त्या खोलीत ती पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी आली.

सगळी पुस्तकं मला इतकी पटली नाहीत. मॅडलिन मिलर यांची ‘सर्सी’ (2018) भाषेच्या दृष्टीने फार सुंदर आहे. पण ‘ओडिसी’तली, होमरची सर्सी माणसांची डुकरं करते ती का करते, हे तो सांगत नाही. ती देवता आहे, तिचं बेट आहे, तिची मर्जी. कादंबरीत आधी तिच्यावर अत्याचार होतो आणि मग ती जादूचा बडगा उचलते. मला कारण समजलं, पण तिची भीती वाटेनाशी झाली. बाईने क्रूर व्हायचं तर आधी तिने सोसलंच पाहिजे, असं का? गटात मी एकटीच या मताची होते. अजूनही आहे.

‘मूळ कथेला हात लावू नये’ हे मात्र मला पटत नाही. गटात ग्रीसमधल्या व्होलोस गावची एक नर्स आहे. तिने सांगितलं की ग्रीसमध्ये माध्यमिक शाळेत पहिल्या वर्षी ओडिसी, दुसऱ्या वर्षी इलियड, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य, आणि तिसऱ्या वर्षी युरिपिडीस या नाटककाराचं ‘हेलन’ शिकवतात. होमरच्या कथेत ट्रॉयचं युद्ध होतं ते हेलनला तिथे नेल्यामुळे; इसवीसनपूर्व 412 मधलं ते नाटक म्हणतं की हेलन ट्रॉयला गेलीच नाही. गेली ती तिची छाया, खरी हेलन इजिप्तमध्ये बसून होती. मी तिला मायासीतेची गोष्ट सांगितली. रावणाने नेली ती छाया, खरी सीता अग्नीपाशी सुरक्षित. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे चोवीसशे वर्षांपूर्वीही लोक होमरशी भांडत होते, आणि आज ग्रीक मुलांना होमर आणि ते भांडण दोन्ही शाळेत शिकवतात.

अशी पुस्तकं वाचताना माझ्या मनात मोजपट्टी असते ती इरावतीबाई कर्व्यांच्या ‘युगान्त’ची. द्रौपदीवरच्या प्रकरणात शेवटाकडे त्या स्वच्छ सांगतात की इथपर्यंतचं महाभारताच्या आधाराने झालं, आता पुढची माझी नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, पदरची भर. आणि मग मरणाच्या दारातली द्रौपदी आणि भीम यांचा तो प्रसंग येतो. आधार कुठे संपला हे सांगून टाकल्यावर कल्पना किती मोकळी होते! कादंबरीकाराने अशी रेघ मारावी असं मी म्हणत नाही. पण ती रेघ कुठे आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याच्या पुस्तकात ते जाणवतं.

पॅट बार्कर यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’मध्ये (2018) मला ते जाणवलं. त्यांचे सैनिक आजच्या ब्रिटिश सैनिकांसारखे बोलतात. व्होलोसच्या मैत्रिणीला ते खटकलं, मला नाही. निवेदन करते ब्रिसेइस, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीस याला लुटीत मिळालेली राणी. संपूर्ण इलियडमध्ये ती एकदाच बोलते, एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर पडून. नवरा आणि तीन सख्खे भाऊ मारले गेले त्या दिवशी तू मला रडू दिलं नाहीस, तू नेहमी मायेने बोलायचास, असं ती त्याला म्हणते. भोवतीच्या बायकाही रडू लागतात, आणि होमर सांगतो की पॅट्रोक्लस हे निमित्त, प्रत्येकजण रडत होती ती आपापल्या दुःखाला.

रविवारी वाईला आईला फोन केला तेव्हा ही ओळ मराठीत करून वाचून दाखवली. ती म्हणाली, “अगं, मयताला बायका असंच रडतात. थोरली काकू गेली तेव्हा मी आप्पांसाठी रडले. आप्पा गेले तेव्हा तू तीन महिन्यांची होतीस, मला कुठं रडायला मिळालं?”

हे मला आजवर माहीत नव्हतं. थोडा वेळ दोघीही काही बोललो नाही. मग तिने विचारलं, “पुढे काय झालं गं त्या पोरीचं?”

चोविसाव्या सर्गात ती एका ओळीत दिसते, अकिलीसशेजारी झोपलेली. त्यानंतर इलियडमध्ये तिचं नाव येत नाही. आईला मी तेवढंच सांगितलं.