सर्च इंडेक्स तपासणारी स्क्रिप्ट : तिसरी आवृत्ती

दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ही पॉवरशेल (विंडोजची कमांडची भाषा) स्क्रिप्ट विंडोजचे इंडेक्सिंगचे, म्हणजे शोधाच्या यादीत कोणते फोल्डर घ्यायचे याचे, नियम तेवढे वाचायची. फोल्डर नियमात आहे, तरी फाईल सापडत नाही, असं झालं की तिची मजल संपायची. आता ती चार ठिकाणी बघते.

आधी डब्ल्यूसर्च, म्हणजे विंडोज सर्च चालवणारी सर्व्हिस. ती डिसेबल्ड असेल तर पुढची तपासणी फुकट.

मग नियम. रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथं साठतात तिथं) एचकेएलएम या मुख्य शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज सर्च, क्रॉलस्कोपमॅनेजर, विंडोज, सिस्टमइंडेक्स, वर्किंगसेटरूल्स असं उतरत जायचं. प्रत्येक नियमाला आकड्याच्या नावाची एक की, तिच्यात यूआरएल आणि इन्क्लूड. 1 म्हणजे घ्या, 0 म्हणजे वगळा. गोची यूआरएलमध्ये आहे : ड्राइव्हच्या अक्षरापुढे चौकोनी कंसात व्हॉल्यूमचा जीयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) येतो. रेजेक्सने (मजकुराचा नमुना शोधणाऱ्या सूत्राने) तो काढला नाही तर साध्या पाथशी काहीच जुळत नाही. इथं फक्त वाचायचं. बदल करायचा तो इंडेक्सिंग ऑप्शन्समधूनच.

तिसरी जागा सगळ्यात जास्त निसटते. फाईल नावानं सापडते पण आतल्या मजकुरानं नाही, तेव्हा नॉटकंटेंटइंडेक्स्ड ('आतला मजकूर इंडेक्स करू नका') हा फाईलीचा ॲट्रिब्यूट बघा. किंमत 8192. गेट-चाइल्डआयटम या कमांडला रिकर्स, फोर्स आणि ॲट्रिब्यूट्स हे पर्याय दिले की अशा फाईलींची यादीच मिळते. फोल्डरवर तो लागलेला असेल तर त्यात नवी तयार होणारी फाईलही तो घेऊनच येते, म्हणून फोल्डरपासून काढत यायचं : ॲट्रिब कमांडला उणे आय.

शेवटी थेट इंडेक्सलाच विचारायचं. एडीओडीबी (डेटाबेसशी जोडणारं) कनेक्शन, प्रोव्हायडर सर्च.कोलेटरडीएसओ, आणि सिस्टमइंडेक्सवर स्कोप (फोल्डरची मर्यादा) घालून क्वेरी. उत्तरात फोल्डरही येतात, ते गाळून डिस्कवरच्या यादीशी ताडा. उरतील त्या खऱ्या गहाळ फाईली.

पॉवरशेल 5.1 मध्ये स्क्रिप्ट यूटीएफ-8 बीओएमसह (एन्कोडिंग सांगणारी फाईलीच्या सुरुवातीची खूण) सेव्ह करा. बीओएम नसेल तर ती फाईल एएनएसआय (विंडोजचं जुनं एन्कोडिंग) म्हणून वाचली जाते आणि स्क्रिप्टमधल्या 'निपाणी'चा कचरा होतो. निकाल सीएसव्हीत काढा, एन्कोडिंग यूटीएफ8. एक्सेलमध्ये देवनागरी नीट उघडते.

आपल्या भागातल्या मशीनवर एवढं सगळं बरोबर येऊनही शोध रिकामा येतो, तेव्हा फॉन्ट तपासा. बेळगाव-खानापूरकडच्या डीटीपीच्या जुन्या फाईली श्रीलिपीत, कन्नड मजकूर नुडीत. जुन्या एन्कोडिंगमध्ये पडद्यावर दिसते मराठी, पण फाईलीत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. इंडेक्स तेच उचलतो. युनिकोडमध्ये बदलणं हाच इलाज. तोवर निदान फाईलचं नाव युनिकोडमध्ये द्या. स्कॅन केलेल्या उताऱ्याच्या पीडीएफमध्ये तर टेक्स्टच नसतो.

क्वेरीत पूर्ण शब्द देऊ नका. 'खानापूर' दिलं की 'खानापुरात' हुकतं, कारण ऊकार बदलतो. 'खानाप' आणि पुढे तारांकन (*) द्या, दोन्ही येतात. बेळगावचं रोमन स्पेलिंग नोव्हेंबर 2014 मध्ये Belgaumचं Belagavi झालं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांची पहिली तीनच अक्षरं जुळतात. तिथं दोन्ही स्पेलिंगं 'ऑर'नं जोडा.