कुडाळात बसून फुटबॉल क्लबांचं काम करायचं तर

सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होतो आणि साडेनऊच्या सुमारास संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रशिक्षक खेळाडूंना समोर बसवून व्हिडिओ दाखवणार असतो. टॅग केलेला सामना (कोणता पास, शॉट कधी झाला याच्या नोंदी लावलेला), कापलेल्या क्लिपा आणि धावण्याचे आकडे तोवर त्याच्या लॅपटॉपवर हवेत. अकराला पोचलेलं काम फुकट जातं. सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत बसून सामन्यांच्या विश्लेषणाचा हा धंदा नक्की करता येतो, पण आखणी या बारा तासांभोवती करा. ॲप किती देखणं आहे हे नंतर बघता येईल.

आधी फाइलचं वजन. फोर-के चित्रीकरण ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) केलं तर १०० मिनिटांचा सामना साडेसदतीस जीबी होतो आणि २० एमबीपीएसच्या अपलोडवर तो चढायला चार तास दहा मिनिटं लागतात. तोच सामना फुल एचडीत ८ एमबीपीएसने काढला तर ६ जीबी होतो, चाळीस मिनिटांत जातो आणि टॅगिंगला पुरतो. म्हणून मैदानावर दोन रेकॉर्डिंग ठेवावीत. हलकं लगेच पाठवायचं, भारी कार्डावर ठेवायचं. पूर्वार्धाची फाइल वेगळी करून मध्यंतरातच अपलोडला लावली की रात्रीचा अर्धा ताण तिथेच उतरतो.

आता आपल्याकडची लाईट. ती गेली की इन्व्हर्टर चालू होतो, पण त्या क्षणभराच्या बदलात राउटर बंद पडतो आणि पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. अपलोड किंवा डाउनलोड तुटतं. तुटलं तिथून पुढे चालू करणारं सॉफ्टवेअर नसेल तर पुन्हा शून्यापासून. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. दोन कंपन्यांचं फायबर घेतलं आणि दोन्ही वायरी एकाच खांबावरून आल्या, तर झाड पडल्यावर दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे दुसरी लाइन मोबाइल डेटाचीच ठेवा. परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा सर्ज प्रोटेक्टर चांगल्या अर्थिंगशिवाय कामाचा नाही. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. कोळसा-मीठ घालून खोल खड्डा घ्यावा लागतो आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं.

टॅगिंगचं काम माणसांचं. एका सामन्यात दीड-दोन हजार नोंदी सहज होतात. दोघांनी एकेक हाफ घेतला की वेळ निम्मा होतो, पण दोघांच्या व्याख्या जुळल्या पाहिजेत. पास, शॉट, कॉर्नर यांत भांडण होत नाही. सुटा चेंडू कोणी ‘जिंकला’, प्रेस (चेंडू हिसकावायला प्रतिस्पर्ध्यावर टाकलेला दाब) कुठे सुरू झाला, इथे मतं फुटतात. दर महिन्याला एकाच सामन्याची तीच दहा मिनिटं दोघांना वेगवेगळी टॅग करायला द्या आणि फरक पडेल तिथे व्याख्येची वही दुरुस्त करा. ही वही त्या क्लबच्या प्रशिक्षकाच्या भाषेत हवी. त्याचे शब्द त्याला परत ऐकू आले की काम टिकतं.

धावण्याचे आकडे देणाऱ्या जीपीएसचा भाग सर्वांत नाजूक. खांद्याच्या दोन फऱ्यांमध्ये व्हेस्टच्या खिशात बसणारं युनिट साधारण सेकंदाला १० वेळा जागा नोंदवतं, आतला ॲक्सिलरोमीटर (झटके आणि वेगातले बदल मोजणारा) १०० वेळा. चेंजिंग रूमच्या स्लॅबखाली युनिट चालू केलं तर उपग्रह पकडायला वेळ जातो आणि वॉर्मअपचे आकडे वेडेवाकडे येतात. सरावाच्या पंधरा मिनिटं आधी सगळी युनिटं उघड्यावर मांडून ठेवा. एका खेळाडूला कायम तेच युनिट द्या, कारण दोन युनिटांत थोडा फरक असतोच. ताशी १९.८ किलोमीटरच्या वर जलद धाव आणि २५.२ च्या वर स्प्रिंट, ही नेहमीची रेषा. पण स्प्रिंट किमान किती वेळ टिकली तर मोजायची आणि आकडे कोणत्या फिल्टरने गुळगुळीत केले, हे बदललं की त्याच खेळाडूच्या १८ स्प्रिंटच्या १२ होतात. फिटनेस कोच एकदा असा फसला की पुन्हा विश्वास ठेवत नाही. म्हणून हंगामाच्या मध्ये सॉफ्टवेअर अपडेट करू नका आणि कच्च्या फाइली कधी पुसू नका.

व्हिडिओ आणि जीपीएस जुळवताना एक ठरलेली चूक होते. आलेखात विंगर (कडेने खेळणारा) ताशी ३१ किलोमीटरने पळतोय आणि चित्रात तो बुटाची नाडी बांधतोय. फरक बरोबर १८ सेकंदांचा असेल तर यंत्र बिघडलेलं नाही. जीपीएसचं घड्याळ लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद) धरत नाही, त्यामुळे २०१७ पासून ते यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. फरक दुसरा काही असेल तर कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. खात्रीचा उपाय साधा आहे: किक-ऑफआधी एक युनिट कॅमेऱ्यासमोर धरून तीनदा जोरात झटका द्या. ॲक्सिलरोमीटरवर तीन टोकं उठतात, ती चित्राशी जुळवायची.

खाऱ्या दमट हवेत चार्जिंग डॉकच्या पिना हिरव्या पडतात. युनिट डॉकवर बसलेलं दिसतं, पण चार्ज होत नाही. रोज आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. पावसाळ्यात व्हेस्ट वाळत नाहीत, त्यामुळे प्रत्येकी दोन लागतात.

पैशांचं थोडक्यात. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि क्लब टीडीएस कापून देतो, तेव्हा हातात येणारी रक्कम आधीच काढून ठेवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करारातही पैसे देण्यासाठी ४५ दिवसांपलीकडे मुदत घालता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. मागितलंत तर गिऱ्हाईक जाण्याची भीती, म्हणून महिन्याचे पैसे आगाऊ घेणंच बरं. करार क्लबशी करा, कारण प्रशिक्षक बदलला की नवा स्वतःचा विश्लेषक घेऊन येतो. अकादमीतली मुलं १८ च्या आतली असतील तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची अट आहे.

आणि एकाच लीगवर चूल पेटवू नका. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) पुढचा हंगाम स्थगित झाला, काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगारही थांबवले. पुरवठादाराचा नंबर पगाराच्या मागे लागतो. गोवा प्रो लीगचे क्लब आणि युवा अकादम्या जवळ आहेत. गणपतीत कोकणात माणूस मिळत नाही आणि बऱ्याचदा त्याच सुमारास प्री-सीझन (हंगामाआधीचा सराव) असतो, तेव्हा ते दिवस करारातच वगळून घ्या.

पहिल्या भेटीला सादरीकरण नेऊ नका. त्या क्लबच्या मागच्या पाच सामन्यांतले सगळे कॉर्नर एकामागे एक लावून सहा-सात मिनिटांची फाइल करा, सावंतवाडीहून गाडी पकडून मडगाव गाठा आणि ती दाखवा. फाइल एमपी-फोर असू द्या आणि पेनड्राइव्हवरही ठेवा, कारण क्लबच्या खोलीतल्या टीव्हीला लॅपटॉपची केबल बसेलच असं नाही.